दुर्बीण निकामी झाली तर: रेमिंग्टन ७०० वर लोखंडी साइट, प्रकल्प नोंदी

३ मे २०२५

काम अलास्कातल्या कोडियाक बेटासाठीचे आहे: रायफलवरची नेमाची दुर्बीण निकामी झाली तर वापरायला लोखंडी साइट, म्हणजे मागे खाच किंवा छिद्र आणि पुढे उभे पाते (माशी), काचेविना नेम धरायला. तिथे हरणाच्या शिकारीला पाण्यावर उतरणाऱ्या विमानाने जातात, विमान ठरलेल्या दिवशीच परत येते आणि मधले सात-आठ दिवस बहुधा पावसात जातात. दुसऱ्या दिवशी खडकावर पडून दुर्बिणीची काच तडकली किंवा आत दव साचले, तर उरलेला आठवडा रायफल काठीसारखी वागवायची. शिवाय बेटावर तपकिरी अस्वले आहेत, त्यामुळे काठी पुरत नाही. (महाराष्ट्रातल्या वाचकांसाठी: भारतात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकार बंद आहे. इथले सगळे अलास्कापुरते.)

रायफल: रेमिंग्टन ७००, थर्टी-ओ-सिक्स काडतुसाची, नळी ५५९ मिमी, क्रोम-मॉलिब्डेनम स्टील, नळीवर साइटसाठी एकही भोक नाही. कुंदा अक्रोडाचा, गालाची कड उंच. एका तुकड्याचा वीव्हर बेस (आडव्या खाचांची पट्टी), त्यावर लिव्हरच्या रिंगा (दुर्बीण पकडणारी कडी) आणि २–७×३३ ची, म्हणजे २ ते ७ पट दाखवणारी, ३३ मिमी काचेची दुर्बीण.

रिंगा लिव्हरच्या असणे ही पहिली अट, कारण स्क्रूने कसलेली दुर्बीण रानात काढायला टॉर्क्स पाना लागतो आणि तो नेमका तंबूत राहतो. लिव्हर हाताने उघडते.

४ मे

कोणतेही सामान मागवण्याआधी डोळ्याची उंची मोजली. बहुतेक जण आधी साइट विकत घेतात, बसवतात आणि मग लक्षात येते की डोळा तिथवर खाली जातच नाही.

पद्धत: बोल्ट (चेंबर बंद करणारा सरकता दांडा) काढून ठेवायचा, चेंबर रिकामी असल्याची बोट घालून खात्री करायची. डोळे मिटून रायफल खांद्याला लावायची, गाल कुंद्यावर टेकवायचा, मग डोळे उघडायचे. दुसऱ्याने बाजूने पट्टी धरून नळीच्या मध्यरेषेपासून बुबुळापर्यंतची उंची घ्यायची. पाच वेळा करून मधली धरायची.

निकाल: सहज गाल टेकवला तर ३९ मिमी. दुर्बिणीचा मध्य नळीच्या मध्यापासून ४० मिमी वर आहे, म्हणजे कुंदा दुर्बिणीला बरोबर जुळतो. गाल घट्ट दाबला तर २८ मिमी. रेनकोटची टोपी गालाखाली आली तर २९. त्याखाली गालाचे हाड कुंद्यावर अडते.

म्हणून लोखंडी साइटची रेषा २९ च्या वरच हवी. पुढचे सगळे निर्णय याच आकड्यावरून घ्यायचे.

६ मे

मागच्या साइटचे दोन पर्याय कागदावर तपासले.

नळीवरची उघडी पत्ती, व्ही खाचेची. दिसायला सुबक, जुन्या रायफलींची आठवण करून देणारी. पण तिची रेषा नळीच्या मध्यापासून जेमतेम २२ मिमी वर येते, म्हणजे डोळा तिथे पोचायला कुंदा सात मिमी तासावा लागेल, आणि मग दुर्बिणीला गाल टेकणार नाही. मुख्य साधन बिघडवून राखीव साधन सुधारण्यात अर्थ नाही. शिवाय पत्ती ते माशी अंतर फक्त ४३२ मिमी.

पीप, म्हणजे छिद्राची साइट, बेसच्या मागच्या खाचेत पकडणारी. दुर्बीण उतरली की मागच्या रिंगची खाच मोकळी होते, तिथेच हिचा आडवा खिळा बसतो. छिद्राचा मध्य नळीपासून २९.५ मिमी. छिद्र ते माशी अंतर ६९० मिमी. चढवलेल्या दुर्बिणीखाली ती राहू शकत नाही, आयपीसला अडते, म्हणून वेगळी जवळ बाळगावी लागेल. ही त्रुटी मान्य करून पीप घेतली.

साइटमधले अंतर जास्त असण्याचा फायदा नेमका किती, ते मोजून ठेवले. माशीत ०.१ मिमीची चूक झाली तर ७५ मीटरवर ४३२ मिमीच्या जोडीत १७ मिमीचा फरक पडतो, ६९० च्या जोडीत ११ मिमीचा.

७ मे

माशीची उंची काढली. १८० ग्रेनची (ग्रेन हे गोळीच्या वजनाचे माप) गोळी, सुमारे ८२३ मीटर प्रति सेकंद. ७५ मीटरवर पोचेपर्यंत ती नळीच्या रेषेखाली ४३ मिमी पडते.

सूत्र असे: मागच्या साइटची उंची आणि गोळीची पड यांची बेरीज करा, तिला दोन साइटमधल्या अंतराने गुणा, निशाण्याच्या अंतराने भागा. येईल तेवढी माशी मागच्या साइटपेक्षा बुटकी हवी.

(२९.५ + ४३) × ६९० ÷ ७५००० = ०.६७ मिमी

माशीचा माथा नळीच्या मध्यापासून २८.८ मिमी. तोंडाशी नळीचा व्यास १६.६, म्हणजे त्रिज्या ८.३. माशी नळीच्या पृष्ठभागावरून २०.५ मिमी उंच हवी. ही उंची बरीच आहे, बाजारातल्या बहुतेक रॅम्पवर (माशीखालच्या उतरत्या ठोकळ्यावर) मिळत नाही. त्यात दीड मिमी जास्तीचे धरून रॅम्प आणि माशी मिळून २२ मिमी करायची, कारण गोळी सुटताना नळी हलते आणि कागदावरचा हिशेब कधीच तंतोतंत उतरत नाही. उंच माशी कानशीने कमी करता येते, बुटकी माशी वाढवता येत नाही.

११ मे

रॅम्प मिलिंगवर काढला. लांबी ७५ मिमी, रुंदी १०, माथा १२.५ मिमी, मागे उतरता. माथ्यावर ६० अंशांची डोव्हटेल (तळाशी रुंद, तोंडाशी अरुंद) खाच, ९.५ मिमी रुंद, म्हणजे इंचाच्या मापात तीन-अष्टमांश. हेच माप ठेवा, म्हणजे माशी मोडली तर कुठल्याही दुकानातली बसते.

रॅम्पच्या तळाला नळीसारखी गोलाई लागते आणि नळी तर निमुळती आहे. तळ १६.५ मिमीचा कापला, मग नळीवर एमरी पेपर खरखरीत बाजू वर करून गुंडाळला आणि रॅम्प त्याच्या नेमक्या जागी मागे-पुढे घासला. निळी शाई लावून पाहिल्यावर सगळीकडे सारखा डाग उमटेपर्यंत. पाऊण तास लागला. फट ०.१ मिमीच्या आत आली की कथील नीट ओढले जाते.

रॅम्पचे पुढचे टोक नळीच्या तोंडापासून २० मिमी मागे ठेवले आहे. अलास्कात पाऊस-चिखल आत जाऊ नये म्हणून नळीच्या तोंडावर वायरमनची चिकटपट्टी लावतात. गोळीच्या पुढची हवाच ती उडवते. रॅम्प अगदी तोंडाशी बसवला तर पट्टी गुंडाळायला जागा उरत नाही.

१२ मे

भोके पाडायची की कथलाने जोडायचे, हे आज ठरले. कारखान्यात लावलेले रॅम्प सहसा ६-४८ च्या (क्रमांक ६, इंचाला ४८ आटे) दोन स्क्रूवर असतात. इथे नळीची जाडी ४.४ मिमी. त्यात २.८ मिमी खोल, आरपार न जाणारे भोक पाडून सपाट टोकाच्या टॅपने (आटे कापणाऱ्या हत्याराने) चार-पाच आटे मिळतात आणि खाली १.६ मिमी धातू उरतो. ड्रिलचा थांबा अर्धा मिमी जरी सरकला, तरी नळीत आतून फुगवटा येऊ शकतो, आणि तो परत जात नाही.

कथील: ९६ टक्के टिन, ४ टक्के चांदी, २२१ अंश सेल्सिअसला वितळू लागते. नळीच्या स्टीलला या तापमानाने काहीच होत नाही, कारण त्याला पाणी देताना कितीतरी जास्त तापवलेले असते. पितळी झाळण मात्र अजिबात नको. त्याला सहाशेच्या वर जावे लागते, नळीचे पाणी उतरते आणि आतून पापुद्रा धरतो.

ताकदीची काळजी अनाठायी आहे. रॅम्प ४४ ग्रॅमचा आहे, धक्क्यात त्यावर शे-दोनशे न्यूटनचा जोर येतो, आणि तळ पूर्ण ओला झालेला सांधा हजारोंनी पेलतो. सांधे सुटतात ते अर्धवट कथील चढल्यामुळे.

१७ मे

जोडणी, पहिला प्रयत्न. फसला.

रायफल शेगड्यात (व्हाइसमध्ये), जबड्यांना चामडे. बेसवर पाणसळ ठेवून रायफल सरळ केली. नळीवरचा निळा थर (गंज रोखणारी निळाई) फक्त रॅम्पच्या पावलापुरता ३२० नंबरच्या पेपरने काढला, ॲसिटोनने पुसला. पावलाच्या बाहेर मऊ पेन्सिलीने जाड काळे केले, पेन्सिलीच्या ग्रॅफाइटवर कथील चिकटत नाही. नळीचे तोंड लाकडी खुंटीने बंद केले, फ्लक्स आत जाऊ नये म्हणून. नळी आणि रॅम्प दोन्हींना आधी वेगवेगळा कल्हईसारखा पातळ थर दिला. मग रॅम्प जागेवर ठेवून बांधणीच्या तारेने आवळला.

ज्योत नळीवर धरायची, रॅम्पवर नाही. नळीत धातू जास्त, ती उशिरा तापते. रॅम्पला तिच्यातूनच पुरेशी उष्णता मिळते. कडेला चकचकीत रेघ उमटली म्हणजे कथील वाहिले.

वाहिले त्याच क्षणी रॅम्प डावीकडे झुकला. तार तापून सैल पडली आणि पाऊल कथलावर तरंगले. थंड झाल्यावर पाणसळ लावली: दीड अंश कललेला. दीड अंश म्हणजे २० मिमी उंचीवर अर्धा मिमी आडवे, ७५ मीटरवर साडेपाच सेंटीमीटर. डोव्हटेलमध्ये माशी सरकवून हे भरून काढता आले असते, पण वाकडी उभी माशी पाहून हात आपोआप रायफल तिरपी करतो. पुन्हा तापवून उतरवला.

१८ मे

दुसरा प्रयत्न. तारेऐवजी नळीभोवती बसणारा क्लॅम्प, वरून टोकदार स्क्रू रॅम्पच्या मध्यावर. स्क्रू घट्ट नाही, फक्त टेकलेला, वर एक स्प्रिंग वॉशर, म्हणजे कथील पातळ झाल्यावर रॅम्प खाली बसतो पण सरकत नाही. छिद्रातून पाहताना दहा मीटरवर टांगलेल्या ओळंब्याशी रॅम्पची कड जुळवली, मग ज्योत.

सरळ बसला. गरम पाणी आणि ब्रशने फ्लक्स धुतला, तीनदा. फ्लक्समध्ये क्लोराइड असते, ते राहिले तर आठवड्याभरात गंज धरतो. खुंटी काढून नळीही पुसली, तेल दिले.

२४ मे – १ जून

रंग. शिशाच्या कथलाचा सांधा गरम क्षाराच्या निळाईत टिकत नाही, आणि आपले कथील शिशाचे नसले तरी तो धोका पत्करला नाही. गंजाची निळाई केली: द्रावण पुसायचे, दमट पेटीत गंज धरू द्यायचा, ऊर्ध्वपातित पाण्यात उकळायचे, काळा झालेला थर मऊ पोलादी लोकरीने घासायचा, पुन्हा द्रावण. सात फेऱ्या. पाणी शंभर अंशांचे, सांध्याला त्याचे काही वाटत नाही.

७ जून

माशीचे पाते. बाजारात दोन जाड्या सहज मिळतात: १.६ मिमी आणि २.४ मिमी. माशी डोळ्यापासून सुमारे ८३० मिमी दूर आहे, म्हणून ७५ मीटरवर पहिली १४ सेंटीमीटर झाकते, दुसरी साडेएकवीस. हरणाचा वर्मी भाग साधारण वीस सेंटीमीटरचा. तरीही २.४ चे पाते घेतले, कारण ते चौकोनी, सपाट माथ्याचे आहे आणि गोळी माथ्याच्या कडेवर लावायची आहे. पाते जे झाकते ते लक्ष्याच्या खाली राहते. संध्याकाळच्या अंधूक उजेडात १.६ चे पाते झुडपांत हरवते.

गोल मणी घेतला नाही. त्यावर एका बाजूने उजेड पडला की चमकणारी बाजूच डोळा मध्य समजतो आणि गोळी उजेडाच्या उलट दिशेला जाते. फायबरची रंगीत कांडीही नको, ती काटेरी झुडपांत अडकून तुटते. पात्यावर उभी पांढरी रेघ आहे. कोडियाकच्या तपकिरी गवतावर ती उठून दिसते. बर्फावर दिसणार नाही, तिथे पात्याच्या काळ्या कडा उपयोगी पडतात.

८ जून

छिद्र. दोन कडी आहेत, ४.९ आणि ५.८ मिमी. २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये कोल्हापूरच्या स्वप्निल कुसाळेने ५० मीटर थ्री पोझिशन्समध्ये कांस्य मिळवले, तेही छिद्रातूनच नेम धरून. पण त्या साइटचे छिद्र एक-सव्वा मिलिमीटरचे असते, उजेड भरपूर आणि लक्ष्य जागचे हलत नाही. शिकारीत मोठे छिद्र आणि पातळ कडे हवे. कडे डोळ्याला धूसर दिसते, जवळजवळ नाहीसे होते, आणि माशी आपोआप मध्यावर येते. छिद्राकडे बघायचेच नाही, माशीकडे बघायचे.

पाण्याची चाचणी केली. फवाऱ्याने दोन्ही कडी आणि तुलनेसाठी २ मिमीचे एक कडे भिजवले. २ मिमीच्या छिद्रात प्रत्येक वेळी पाण्याचा पडदा धरला आणि पलीकडचे झाड त्यात वितळल्यासारखे वाकले. ४.९ मध्ये वीसपैकी तीनदा थेंब लटकला, फुंकर मारली की गेला. ५.८ मध्ये एकदाही नाही. ५.८ लावले.

१४ जून

बेसचे स्क्रू पुन्हा बसवले, ६-४८ चे. आटे ॲसिटोनने धुऊन निळे लॉकटाइट (आटे सैल होऊ न देणारा गोंद), २.३ न्यूटन-मीटर. बेस ढिला असेल तर दुर्बीण आणि पीप दोन्ही एकदम चुकतात. राखीव साधन ज्या पायावर उभे आहे तो मुख्य साधनाचाच पाया आहे.

२१ जून

मैदान, टेबलावरून, वाळूच्या पिशव्या. पीप, १८० ग्रेन.

२५ मीटर, तीन गोळ्या: ५६ मिमी खाली. हे अपेक्षितच होते. या अंतरावर गोळी नेमाच्या १० मिमी खाली असतेच, आणि दीड मिमीच्या जास्त उंचीचे ५४, म्हणजे ६४ यायला हवे होते. आठ मिमी कमी आले, तो नळीच्या हालचालीचा वाटा.

माशी जास्त उंच असेल तर गोळी खाली जाते. म्हणून पात्याचा माथा १.० मिमी कानसला, दोन्ही हातांनी सपाट, दर चार-पाच फटक्यांनी व्हर्नियर. मग ७५ मीटर, पाच गोळ्या: ३० मिमी खाली, २४ मिमी उजवीकडे.

उंची: ३० × ६९० ÷ ७५००० = ०.२८. त्यातले ०.२५ कानसले. शेवटचे तीन शतांश सोडून दिले, ते तीन मिमीचे आहेत आणि कानशीचा एक चुकीचा फटका त्याहून महाग पडतो.

आडवे: गोळी उजवीकडे जात असेल तर माशीही उजवीकडेच सरकवायची. मागची साइट असती तर उलट. ०.२२ मिमी, पितळी पंच, हलके ठोके. आधी रॅम्प आणि माशीच्या पायावर एक बारीक रेघ ओढून ठेवली होती, म्हणून सरकलेले अंतर भिंगातून दिसले.

२२ जून

थंड नळी, ७५ मीटर, पाच गोळ्या: ६८ मिमीचा गट (भोकांचा पसारा), मध्य नेमावर. माशीच्या पायाशी लॉकटाइटचा एक थेंब.

याच जुळणीवर बाकीची अंतरे: २५ मीटरवर १० मिमी खाली, ५० वर नेमावर, १०० वर ११ मिमी खाली, १५० वर सुमारे ७ सेंटीमीटर खाली. शंभरपर्यंत काहीच आठवायची गरज नाही. त्यापुढे लोखंडी साइटने मारू नये. पात्याची कड तिथे हरणाच्या अंगावर नीट टेकवता येत नाही, आणि जखमी जनावर झुडपात गमावणे हा सर्वांत वाईट शेवट आहे.

२८ जून

दुर्बीण परत चढवून तपासणी. प्रत्येक गोळीनंतर दुर्बीण उतरवायची, पीप लावायची, पीप काढायची, दुर्बीण चढवायची. पाच फेऱ्या, १०० मीटर. गट ४१ मिमी. न उतरवता मारलेला गट ३४ होता. फरक चालण्यासारखा.

चढवताना दुर्बीण पुढे ढकलून, खिळा खाचेच्या पुढच्या भिंतीला टेकवून मगच लिव्हर दाबायची. धक्क्यात रायफल मागे येते, दुर्बीण जडत्वाने पुढे राहते. आधीच टेकलेली असेल तर सरकायला जागा नसते. पहिल्या फेरीत हे केले नव्हते, ती एक गोळी बाहेर गेली. गट धरला आहे तिच्यासकट.

दुर्बीण २ पटीवर ठेवली की चित्राच्या तळाशी माशीची धूसर सावली दिसते. नेमाला अडत नाही. ४ पटीवर नाहीशी होते.

१२ जुलै

वेळ मोजली, लोकरी हातमोजे घालून. दोन लिव्हर उघडून दुर्बीण बाजूला: ६ सेकंद. खिशातून पीप काढून खाचेत बसवणे आणि स्क्रू कसणे: ५२ सेकंद. जास्त वेळ स्क्रूत गेला, त्याचे डोके लहान आणि गुळगुळीत. त्या जागी १४ मिमीचे खरबरीत कडेचे डोके लावले, मध्ये नाण्याची खाच ठेवली. आता १९ सेकंद.

अंगावर येणाऱ्या अस्वलासमोर १९ सेकंदही मिळत नाहीत, हे स्पष्ट लिहून ठेवणे आवश्यक आहे. दाट झुडपात शिरण्याआधीच दुर्बीण काढून पीप चढवायची.

१९ जुलै

पीप रायफलच्या पट्ट्यावर शिवलेल्या कातडी खिशात, दोरीने बांधलेली, कारण सुटी ठेवलेली वस्तू ओल्या गवतात सापडत नाही. खिशात सोबत: ४.९ चे जादा कडे, एक नाणे. १८० ग्रेनच्या त्याच लॉटच्या ४० गोळ्या बाजूला काढल्या. दुसऱ्या वजनाची गोळी घेतली तर माशीची उंची पुन्हा तपासावी लागेल.

बाकी: पात्याचा कानसलेला माथा अजून उघडा आहे, त्याला थंड निळाई. ऑगस्टमध्ये एकदा उभ्याने, ५० मीटर, रेनकोट घालून दहा गोळ्या.